हुंकाराचीही नोंद

सोमवारी सकाळी आकाइतीनं कचेरीचं कुलूप काढलं, पंखा लावला, खिडकीत ठाण मांडून बसलेल्या कोंबडीला हुसकावलं आणि टपालातलं पहिलंच पाकीट फोडलं. पत्र तक्रारीचं होतं. वाचता वाचता तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तिला हसू आवरेना, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती हात जोडून म्हणाली, "देवा, आता तूच बघ."

पत्र एका मालवाहू कंपनीच्या वकिलाचं होतं. भाषा स्वच्छ, म्हणणं सरळ. मागच्या पंधरवड्यातल्या शुक्रवारी राजधानी आवारुआच्या मोठ्या चर्चमध्ये मोतुकुरा बेटाच्या लोकांनी दळणवळणमंत्री तारारो यांच्याकडे बोटीच्या फेरीबद्दल शब्द टाकला. एकदा नव्हे, चांगला अकरा कडव्यांत टाकला. त्याची नोंद अजून झालेली नाही. दहा दिवसांत ती झाली नाही, तर नियमाप्रमाणे त्या विषयावर मंत्रिमंडळाला मागणाऱ्यांच्या बाजूनं निर्णय घेता येत नाही. दहावा दिवस सोमवार. कळावे.

कायद्यातलं त्या वहीचं नाव दीड ओळीचं होतं, पण सगळं रारोटोंगा बेट तिला शब्दवहीच म्हणायचं. मंत्र्याकडे किंवा त्याच्या खात्यातल्या साहेबांकडे कुणी कसलाही शब्द टाकला, की कोणी टाकला, कुणासाठी टाकला, काय मागितलं, काय दिलं आणि समोरून काय उत्तर आलं, हे सगळं त्यात लिहायचं आणि वही जगाला उघडी ठेवायची. दोन वर्षांपूर्वी कुणाचं तरी जेवण आणि कुणाचा तरी परवाना यांची फार लवकर गाठ पडली होती, त्यातून हा नियम जन्माला आला. कचेरीत माणसं दोनच. वरच्या खोलीत तेआओ मॅडम, खालच्या खोलीत आकाइती. आलेला प्रत्येक फॉर्म तपासून वहीत चढवायचं काम आकाइतीचं.

आणि अकरा कडव्यांतलं अकरावं कडवं आकाइतीनंच उचललं होतं. भर सभेत, पांढरी हॅट घालून, डोळे मिटून, वरच्या पट्टीत.

ती मूळची मोतुकुराची; तिच्या मनात तेव्हा कचेरी कुठून असणार? त्या दिवशी उआपोउ होता. बेटाबेटांची माणसं एका छपराखाली जमतात, सगळ्यांना एकच शास्त्रवचन मिळतं, आणि प्रत्येक बेटानं, प्रत्येक गावानं त्याचं निरूपण गाऊन करायचं; शेवटी नंबरही लागतात. नुसतं बोलून सांगितलेलं निरूपण तिकडे कुणी निरूपण धरत नाही. आधी बायका उंच सुरात वचनाचा अर्थ उलगडतात, मधल्या आवाजाचे पुरुष तो पुढे नेतात, आणि मागच्या बाकांवरचे दांडगे म्हातारे पोटातून हुंकार देतात. हं! हं! हंऽ! शब्द नाही, सूर नाही, पण त्या हुंकारावर अख्खं गाणं उभं असतं, जसं मृदंगावर कीर्तन. पूर्वरंग देवाचा आणि उत्तररंग आपापल्या गावाचा, ही रीतही जुनीच. सुखदुःख, चिमटे, गाऱ्हाणी, सगळं त्यात येतं.

यंदाचं वचन होतं वादळातून माणसांना बंदराला लावणाऱ्या देवाबद्दलचं. आता मोतुकुराच्या लोकांना असं वचन देणं म्हणजे भुकेल्यापुढे ताट मांडणं! महिन्यातून एकदा येणारी सरकारी बोट नव्या वेळापत्रकात मोतुकुराला थांबणारच नव्हती. वाचलेल्या वेळात ती दुसऱ्या बेटांना जादा फेरी करणार होती, आणि त्या फेरीचा माल तक्रारवाल्या कंपनीचा. बेटावर माणसं एकशे नव्वद. विमान उतरायला जागा नाही. बोट गेली की पीठ गेलं, औषध गेलं, आणि मग एकेक घर उठून ऑकलंडला जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. वेळापत्रकावर मंगळवारी शिक्कामोर्तब व्हायचं होतं. तेव्हा सातव्या कडव्यापर्यंत देवाची स्तुती झाली आणि आठव्या कडव्याला सगळ्यांत पुढे गाणाऱ्या म्हाताऱ्या तुआइने माईनं मान वळवून पहिल्या रांगेतल्या मंत्र्याकडे पाहिलं.

*देव लावतो बंदराला, त्याला बेटं सारखी सारी,*
*सांगा तारारोबाबा, तुमची बोट का चुकते दारी?*

सभा खदखदून हसली. हुंकारांना जोर चढला. ज्या पाहुण्याला उद्देशून गायलं त्यानं उठून एक ओळ परत गायची, ही रीत. तारारो मंत्री असले तरी आधी चर्चमधलं लेकरू. गळ्यातले फुलांचे हार सावरत ते उठले आणि गायले, "बोट येईल, बोट येईल, मोतुकुराला बोट येईल." तेव्हा आकाइतीला इतका आनंद झाला की तिनं कुणाची वाट न पाहता अकरावं कडवं उचललं.

आता तिनं घड्याळ पाहिलं. साडेनऊ. वही चारला बंद. ती जिना चढून वर गेली.

तेआओ मॅडम चष्म्यावरून पाहत होत्या. बाई काटेकोर. चुलतभावाच्या फॉर्मात एक तारीख चुकली म्हणून त्याला तीनदा परत पाठवलेली. ख्रिसमसला तो त्यांच्या घरी येत नाही.

"मॅडम, मला एक सांगायचंय."

"चेहरा असा का? कोण गेलं?"

"कुणी नाही. तक्रार आलीय. आणि तक्रार ज्यांच्यावर आहे, त्यांत मी आहे."

मॅडमनी पत्र वाचलं. एकदाच वाचलं. "तू गायलीस?"

"हो."

"किती?"

"सगळंच. आणि शेवटचं कडवं मी उचललं."

"ते मला ठाऊक आहे," मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या. "मी तिसऱ्या रांगेत होते. तुमच्यामुळेच आमचं गाव दुसरं आलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "या नोंदीला तू हात लावायचा नाहीस. फॉर्म आला तर मी तपासीन. आणि आकाइती, तुझ्याबद्दल मला वेगळं लिहावं लागेल. शब्दवही सांभाळणाऱ्यानं शब्द टाकायचा नसतो."

"माहीत आहे, मॅडम."

"नोकरी जाऊ शकते."

"तेही माहीत आहे."

"मग इथे का उभी आहेस? जा, त्यांना सांग. हे सांगायला तुला बंदी नाही. नियम समजावून सांगणं तुझं कामच आहे."

स्कूटर काढून आकाइती निघाली. मोतुकुराची माणसं शोधायला लांब जायला नको होतं. उआपोउसाठी आलेला एकूण एक माणूस अजून बंदरामागच्या मोतुकुराच्या वसतिगृहातच होता, कारण घरी न्यायला बोट नव्हती. दहा दिवस साठ माणसं सहा खोल्यांत राहत होती आणि त्यांचं ते लग्नघर अजून मोडलं नव्हतं. अंगणात उमू, म्हणजे खड्ड्यातली चूल, पेटलेला, तारोच्या कंदांची साल निघत होती, दोऱ्यांवर पांढरे झगे वाळत होते, आणि ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली चटईवर तुआइने माई चार बायकांना घेऊन तिवाइवाईच्या चादरीवर टाके घालत बसली होती. वय एक्याऐंशी. दात तीन, पण आवाज असा की समुद्रातल्या होडीनं दिशा धरावी.

"आली गं, आमची सरकारीण आली!" माईनं लांबूनच हाक दिली. "ये, बस. सकाळचा डोनट खाल्लास का? नाहीच खाल्लास. तोंड बघ कसं सुकलंय. त्या कचेरीत तुला काय कागद खायला घालतात?"

आकाइती बसली, डोनट हातात घेतला आणि सगळं सांगितलं. तिचं बोलणं संपेस्तोवर अंगणातल्या सुया-सुऱ्या सगळ्या थांबल्या होत्या.

"म्हणजे," माई सावकाश म्हणाली, "आपण गायलो म्हणून बोट जाणार?"

"गायलो म्हणून नाही, माई. गायलो ते लिहून दिलं नाही म्हणून. आज चारच्या आत लिहून दिलं तर तक्रार तिथेच संपते."

पाद्रीबाबा पुढे आले. मोतुकुराच्या चर्चचे हे पाद्री तब्येतीनं बारीक, स्वभावानं मऊ आणि नियम वाचण्यात पटाईत. त्यांनी फोनवर कायदा उघडलाच होता. "अगं, पण इथे सूट आहे! हे बघ. उपासनेत उच्चारलेले शब्द या नियमाखाली येत नाहीत. स्वच्छ लिहिलंय. उआपोउ म्हणजे उपासनाच की! मी दोन ओळींचं पत्र देतो. ना फॉर्म, ना नावं. आणि आपल्या आकाइतीची नोकरीही वाचली."

अंगणात एकदम वारा सुटल्यासारखं झालं. "वा, पाद्रीबाबा!" "देवच धावला!" कुणी तर टाळ्याही पिटल्या. आकाइतीच्या छातीतला दगड हलला. तिला ही पळवाट रस्त्यातच सुचली होती. आपण होऊन ती बोलणार नव्हती, पण दुसऱ्या कुणीतरी बोलावं असं तिला मनातून फार वाटत होतं.

माईनं सुई चादरीत खोचून ठेवली.

"पाद्रीबाबा, एक विचारू? आठव्या कडव्याला मी कुणाकडे बघत होते?"

"कुणाकडे म्हणजे..."

"बोला की. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"तारारोकडे," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

"मग? देवाला काय बोटीचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याला कळवत होते? सात कडवी देवाची, ती मी मान खाली घालून गायले. पुढची चार तारारोची, ती मी त्याच्या डोळ्यांत बघून गायले. आता बोट वाचावी म्हणून ती चार पण देवाच्या नावावर खपवू? या तोंडानं मी परत सात कडवी कशी गाणार?"

उमूतलं एक लाकूड तडतडलं.

"पण माई, पोरीची नोकरी..." पाद्रीबाबा म्हणाले.

माईनं आकाइतीकडे पाहिलं. आता ती थट्टा करत नव्हती. "तू सांग गं. तुझं पोट आहे. तू म्हणशील तसं."

आकाइतीनं हातातल्या डोनटकडे पाहिलं. तिची आई मोतुकुराच्या चर्चमागे पुरलेली होती, आणि चार वर्षांत तिला तिथे जायला जमलं नव्हतं. ती म्हणाली, "माई, अकरावं कडवं मी उचललं. तेही तारारोकडे बघून. खरं तर डोळे मिटले होते, पण मिटल्या डोळ्यांनी त्यालाच बघत होते." मग तिचं तिलाच हसू आलं. "फॉर्म आणलेत मी. स्कूटरच्या खोक्यात आहेत."

"अस्सं!" माईनं मांडीवर थाप मारली. "चला रे, उठा! आंघोळी करा, कपडे बदला. सरकारच्या दारात जायचंय, उघडेबोडके येऊ नका!"

आणि तिथून जी धमाल सुरू झाली! नियम असा, की ज्यानं ज्यानं शब्द टाकला त्यानं स्वतः सही करायची. बायका आकाइतीला धरून चौतीस, त्यांचं काही अडलं नाही. मधल्या आवाजाचे बारा पुरुष, तेही ठीक. अडलं ते मागच्या बाकावरच्या पंधरा हुंकारवाल्यांपाशी.

"तुम्हाला सही करायला नको," पाद्रीबाबा फोनमध्ये बघून म्हणाले. "फॉर्मात विचारलंय, कोण काय बोललं. तुम्ही तर काही बोललाच नाहीत. नुसतं हं हं केलंत."

हुंकारवाल्यांचा म्होरक्या तेकुराबाबा. सहा फूट उंच, पिंपासारखी छाती, पूर्वी खोबऱ्याची पोती उचलायचा. तो असा काही उभा राहिला की सावलीत सगळी चटई आली.

"नुसतं?" तो म्हणाला. "नुसतं? अहो, आमच्याविना तुमचं गाणं म्हणजे कोंबड्यांची कुजबुज! आठव्या कडव्याला मी जो हुंकार दिला, त्यानं तारारोच्या गळ्यातली फुलं हलली. मी पाहिलंय. त्याला उठवलं कुणी? शब्दांनी? शब्द काय, रोज ऐकतो तो."

"हो ना!" बाकीचे चौदा एकसुरात म्हणाले.

"बाबा, पण लिहायचं काय? तेकुरा म्हणाला, हं?"

"तेच लिहायचं! आयुष्यात पहिल्यांदा मंत्र्याकडे काही मागितलं, तर तुम्ही म्हणता नोंद नको. आम्ही काय घरी निजलो होतो?"

बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. माईची सून म्हणाली, "घ्या हो त्यांना. नाहीतर बोट मिळाली तरी बसायचे नाहीत, रुसून."

"त्याचा निकाल तेआओ मॅडम देतील," आकाइती म्हणाली आणि स्कूटर सुरू केली. मागे एक उघडा ट्रक, त्यात माणसं, आणि ट्रकमागे चालत उरलेली. डोक्यावर फुलांचे मुकुट. बाजारातले लोक विचारू लागले, लग्न कुणाचं? "सह्यांचं!" ट्रकमधून उत्तर गेलं.

तेआओ मॅडमनी टेबल खाली आणवलं होतं आणि आंब्याच्या सावलीत मांडलं होतं. अडीच वाजले होते. आकाइतीला त्यांनी पाच हात लांब बाकावर बसवलं. "तू तिथून हलायचं नाहीस. पेनसुद्धा द्यायचं नाही कुणाला." मग त्या गर्दीकडे वळल्या. "रांग करा. पहिला रकाना, कोणी. नाव, गाव, सही."

सगळ्यांत आधी त्यांनी आकाइतीकडेच बोट केलं. ती उठली, आली आणि पहिल्या ओळीत आपलं नाव लिहिलं.

रांग पुढे सरकत तेकुराबाबापर्यंत आली. मॅडमनी मान वर केली. "तुम्ही काय गायलात?"

"हुंकार दिला."

पाद्रीबाबा घाईनं म्हणाले, "मॅडम, शब्द नाही त्यात, म्हणून मी म्हणत होतो..."

"नियम मला वाचता येतो," मॅडम म्हणाल्या. "नियमात म्हटलंय, निर्णयावर वजन पडावं म्हणून केलेली कोणतीही कृती." त्यांनी तेकुराबाबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वजन पडावं म्हणून केलंत?"

"बाई, वजनाशिवाय तो निघतच नाही," तेकुराबाबा पोटावर हात ठेवून म्हणाला.

"मग सही करा. हुंकाराचीही नोंद होईल."

पंधराच्या पंधरा म्हाताऱ्यांनी असा काही जल्लोष केला की रस्त्यापलीकडच्या बँकेतली माणसं बाहेर आली. प्रत्येकानं सही करताना जीभ बाहेर काढून, रुंद बोटांनी, शाळेतल्यासारखं गिरवून नाव लिहिलं.

दुसरा रकाना, कुणासाठी. "मोतुकुरासाठी." चौथा, काय दिलं. पाहुण्याला फुलांचे हार दोन, जेवण. "जेवण किती?" मॅडमनी विचारलं. माई म्हणाली, "आम्ही वाढलं एकदा, तो जेवला तीनदा. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा." मॅडमनी 'जेवण' एवढंच लिहिलं. ओठ मात्र थोडे हलले.

घोळ झाला तिसऱ्या रकान्यात. काय मागितलं, ते मागणाऱ्यानं आपल्या शब्दांत सांगायचं. माई टेबलापुढे उभी राहिली, घसा खाकरला आणि गप्प झाली.

"सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

"बोट..." माई म्हणाली. "म्हणजे आमची बोट..." तिनं पुन्हा घसा खाकरला. तिचे डोळे भरून आले होते. "बाई, हे मला बोलून नाही येत हो. बोलायला लागले की भीक मागितल्यासारखं वाटतं. मला त्याचं गाणंच येतं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. "मग गा. मी उतरून घेते. आठव्यापासून. आधीची सात वहीत यायची नाहीत, ती ज्याची त्याला पोचली."

आणि आंब्याखाली, भर दुपारी, माईनं आठवं कडवं उचललं. बायकांनी ते झेललं, पुरुषांनी पुढे नेलं, हुंकारवाल्यांनी जमीन धरली. आकाइती बाकावर बसून ओठ घट्ट मिटून होती. आज तिला गायची परवानगी नव्हती, पण अंगावरचा काटा काही परवानगी विचारून येत नाही. मॅडम लिहीत होत्या. दहाव्या कडव्याला त्यांचा डावा पाय ताल धरू लागला. अकराव्याला, आकाइती गप्प असल्यामुळे, उचलायला कुणी नव्हतं. क्षणभर सगळं अधांतरी राहिलं. तेव्हा तेआओ मॅडमनी लिहिता लिहिता, मान वर न करता, ते कडवं स्वतः उचलून दिलं. दुसरं आलेल्या गावाच्या होत्या, तरी सूर पहिल्या नंबराचा लागला.

"हे मी वाचून दाखवलं, बरं का," गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या. "नोंद बरोबर आहे का ते तपासायला. आता शेवटचा रकाना. समोरून काय उत्तर आलं. तो मंत्र्यांनी भरायचा. मी दुपारी बाराला निरोप दिलाय."

इतका वेळ कुणाच्या डोक्यात न आलेली गोष्ट एकेकाच्या डोक्यात उतरू लागली. उआपोउत पाहुण्यानं गायलेली ओळ म्हणजे मान द्यायची ओळ. ती कुणी धरून ठेवत नाही. 'येईल येईल' गाऊन तारारो घरी गेले होते आणि दहा दिवसांत वेळापत्रकातला एक आकडाही हलला नव्हता. दुसऱ्या बेटांना जादा फेरी हवीच होती, आणि पक्षातली माणसं तारारोंना मोतुकुरा सोडा म्हणून सांगत होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता ती ओळ कागदावर येणार होती, सहीसकट, जगाला उघडी.

मंत्री पावणेचारला आले. सदरा फुलाफुलांचा, कपाळावर घाम. एकसष्ट माणसं आंब्याखाली बसलेली पाहून ते थबकले, मग हसले. "काय हो, माई, इथेही गाणं?"

"तुमचीच वाट बघतोय, बाबा. बसा. नारळपाणी देऊ का? नको, नको, मग तेही लिहावं लागेल."

हशा झाला, पण तारारो मनापासून हसले नाहीत. मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी सगळा वाचला. चार कडवी, एकसष्ट नावं, पंधरा हुंकार. शेवटच्या रिकाम्या रकान्याशी येऊन थांबले.

"मॅडम, इथे असं लिहिलं तर चालेल का, की केवळ सौजन्य म्हणून प्रतिसाद दिला?"

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "तसं असेल तर तसं लिहा. जे खरं ते लिहायचं. नियमाला एवढंच हवंय."

मंत्र्यांनी पेन उघडलं, मिटलं. माईकडे पाहिलं. म्हातारी आपल्या मांडीवर हात ठेवून नुसती बसली होती. मागायचं ते मागून झालेला माणूस बसतो, तशी.

"माई," तारारो म्हणाले, "त्या दिवशी मी उठलो ना, तेव्हा काय गाणार ते मला माहीत नव्हतं. खरंच. तोंडातून निघालं ते निघालं."

"तोंडातून आपोआप निघतं ते कुठून येतं, बाबा? तुम्ही चर्चमध्ये वाढलात. तुम्हालाच ठाऊक."

मग त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. ते हसले. मघासारखं नाही, अगदी शाळेतल्या पोरासारखं हसले. आणि त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: *बोट येईल असं मी गायलो. ते मी मनापासून गायलो. उद्या मंत्रिमंडळात तेच बोलेन.* खाली सही.

तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी तेआओ मॅडमनी शिक्का मारला. तेकुराबाबानं हुंकार दिला. बाकीच्या चौदांना थांबवायला तिथे कुणाचा बाप आला होता?

मंगळवारी मंत्रिमंडळ तीन तास बसलं. वही उघडी होती आणि सकाळपासून अर्ध्या रारोटोंगानं ती फोनवर वाचली होती; मासळीवाले हुंकारवाल्यांची नावं पाठ म्हणत होते. तारारो उभे राहिले तेव्हा मोतुकुराचा थांबा वगळा असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना, म्हणतात. दुसऱ्या बेटांसाठी जादा फेरी पावसाळ्यानंतर सुरू करायची ठरली आणि मोतुकुराचा थांबा होता तसाच राहिला. वकिलानंही आपली तक्रार निकाली निघाल्याचं लेखी कळवलं, आणि खाली हातानं लिहिलं, गाणं फार सुंदर होतं.

बुधवारी आकाइतीला वर बोलावलं. मॅडमनी पाकीट पुढे केलं.

"शिक्षा आहे," त्या म्हणाल्या. "वहीतही लागेल, सगळ्यांना दिसेल अशी. चौदा दिवस कामावर यायचं नाही. उद्यापासून."

"उद्यापासून?" आकाइतीनं कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या गुरुवार. गुरुवारी बोट होती. "मॅडम, पण मोतुकुराहून परतीची बोट महिन्यानं असते."

"असेल. मी काय बोटीचं वेळापत्रक ठरवते का?" मॅडमनी पुढची फाईल ओढली. "चौदा दिवस शिक्षेचे, उरलेले रजेचे. अर्ज टाकून जा. आणि तारीख नीट घाल."

गुरुवारी सकाळी धक्क्यावर पिठाची पोती, औषधांची खोकी, एक शिलाई मशीन, दोन डुकरं आणि एकसष्ट माणसं बोटीत चढली. आकाइती सर्वांत शेवटी चढली. तिच्या हातात आईच्या थडग्यासाठी पांढऱ्या चुन्याचा डबा होता आणि बगलेत एक उशी. माईनं डेकवर चटई अंथरून तिच्यासाठी जागा धरली होती.

"बस गं," ती म्हणाली, "अशी समुद्राकडे तोंड करून बस. आता आपण सगळी आधीची सात म्हणू. ती कुणी लिहून घेत नाही."

बोटीनं भोंगा दिला आणि धक्का हळूहळू मागे सरकू लागला. बायकांनी पहिल्या कडव्याचा सूर धरला, आणि आकाइतीनं तोंड उघडलं.